खिडकी नंबर चारचा शेठ

मुंबईतल्या पंक गायकांमध्ये सूर्यास्ताच्या आत जेवणारा एकच होता, आणि मी त्याच्या मागे बसून ड्रम वाजवत असे.

आमचे कार्यक्रम रात्री नवाच्या पुढे सुरू होत. शेठ सहालाच हजर. स्टेजच्या मागे एखादं उलटं खोकं शोधायचं, त्यावर वर्तमानपत्र पसरायचं, बाजरीची भाकरी आणि बेसनाच्या गट्ट्यांची भाजी काढायची आणि पश्चिमेकडे नजर ठेवून जेवायचं. जेवण झालं की तो आयोजकाला गाठे. आयोजक म्हणजे बहुधा कानात डूल आणि दंडावर कवटी गोंदवलेला कुणी तरुण. त्याला शेठ नम्रपणे विचारी, "भाऊ, उकळून गार केलेलं पाणी मिळंल का? बिसलेरी नको, उकळलेलं." त्या पोराने आयुष्यात कधी पाणी उकळलेलं नसे. पण पुढच्या खेपेला तो घरून आईकडून थर्मास भरून आणी. शेठचा हा दरारा कशामुळे होता ते मला अजून उमगलेलं नाही.

शेठ हे त्याचं नाव नव्हे. घोडेगावच्या बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं दुकान होतं. पणजोबा राजस्थानातून आलेले, धर्माने जैन, आणि बोलणं पूर्ण आंबेगाव तालुक्याचं. तिकडे दुकानदाराला शेठ म्हणतात, म्हणून वडील मोठे शेठ आणि हा बारका शेठ. मी शेजारच्या जुन्नरचा. मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या नोकरीवर होतो. शाळेत लेझमीपुढे हलगी वाजवली होती एवढ्या भांडवलावर शेठने मला ड्रमवर बसवलं. आमचा तिसरा मेल्विन. तो वांद्र्याचा, बेस गिटार वाजवायचा आणि आम्हा दोघांचं मराठी ऐकून दर दहा मिनिटांनी "म्हणजे काय?" विचारायचा.

नव्वदच्या दशकातल्या त्या शहरी संगीताच्या जगाबद्दल आता लोक फार हळवे होऊन बोलतात. मला आठवतं ते असं: सगळी मिळून साठ-सत्तर माणसं होती. त्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या बँडमध्ये होता. त्यामुळे श्रोते म्हणजे पुढच्या नंबरची वाट पाहणारे वादक. सगळे काळे टी-शर्ट घालून व्यवस्थेविरुद्ध इंग्रजीत ओरडत, आणि बऱ्याच जणांना न्यायला वडिलांची गाडी येई. केस उभे करायला, पिना टोचायला त्यांना तास-तास लागे. शेठ मात्र तेल लावून, भांग पाडून, पूर्ण बाह्यांच्या टेरिलिनच्या शर्टात उभा राही. खिशाला दोन पेनं. एक जण त्याला म्हणाला, "तू पंक वाटत नाहीस."

"मी घोडेगावचा हाये," शेठ म्हणाला. त्याच्या दृष्टीने तेवढं उत्तर पुरेसं होतं.

पंक त्याला दुकानातच भेटलं होतं. भीमाशंकरला निघालेले काही डोंगरभटके बिस्किटं घ्यायला थांबले आणि गल्ल्याशेजारी एक कॅसेट विसरून गेले. शेठने ती दुकानाच्या टेपरेकॉर्डरला लावली. त्याला वाटलं टेप बिघडला. त्याने स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, पुन्हा लावली. परत तेच. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की बिघाड नाही, ही माणसं गातातच अशी. "मंग म्हटलं, आरं, हे तर बाजाराच्या दिवशी आपल्या दारात व्हतं तेच! वांगीवाला ओरडतो, त्याच्यावर लसूणवाला ओरडतो, आन् कुणीबी सुरात न्हाई. पण माल खपतो ना राव!"

गाण्याला तीन सूर पुरतात, असं त्याचं ठाम मत होतं. "चौथा लागला की माणूस सत्काराला लायक व्हतो," तो म्हणे.

सत्कार हा त्याचा खरा शत्रू. इतर पंकवाले सरकार, पोलीस, धर्म, कुटुंब अशा मोठमोठ्या गोष्टींवर चिडलेले असत. शेठ शाल आणि नारळावर चिडलेला होता. कारण त्याच्या वडिलांच्या दुकानात सत्काराचं सामान मिळे. शाल, टोपी, टॉवेल, नारळ. लहानपणी त्याने एका नारळाच्या शेंडीखाली पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. तो नारळ सोमवारी एका पुढाऱ्याच्या सत्काराला गेला, गुरुवारी पुढाऱ्याच्या घरून दुकानात परत आला, शनिवारी मुख्याध्यापकांच्या निरोपाला गेला, पुन्हा आला. महिनाभरात त्याच्यावर अकरा सत्कार झाले. "त्या नारळायेवढा मान आख्ख्या तालुक्यात कुणाला भेटला न्हाई," शेठ सांगे, "आन् आतून तो नासका निघाला." तेव्हाच त्याने ठरवलं होतं की आपण कुणाचा सत्कार करायचा नाही आणि करून घ्यायचा नाही. मुंबईत एका कॉलेजच्या स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक फुलांचा गुच्छ घेऊन पुढे आले, तर हा माइकची तार गुंडाळायच्या निमित्ताने खाली बसला आणि ते जाईपर्यंत उठलाच नाही. गुच्छ मेल्विनने घेतला. त्याच्या आईला फार आवडला.

आमच्या बँडचं नाव 'खिडकी नंबर चार'. एका इंग्रजी मासिकाचा मुलाखतकार आला होता. त्याने या नावावर बराच विचार केलेला दिसत होता. ही खिडकी म्हणजे माणसाच्या एकटेपणाची प्रतिमा आहे का, असं त्याने विचारलं.

"न्हाई," शेठ म्हणाला. "आमच्याकडं एका हापिसात हाये. बंद आसती."

कुठल्या ऑफिसात, ते त्याने मलाही सांगितलं नाही. प्रत्येक ऐकणाऱ्याला ती आपल्याच गावची वाटे, आणि तेच त्याला हवं होतं. त्या खिडकीवरचं गाणं आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं. सत्तर माणसांत गाजायचं तेवढं गाजलेलं. त्यात तो विचारी आणि मी नि मेल्विन उत्तर देऊ:

साहेब कुठंत? मीटिंगला!
सही कधी? सोमवारी!
कागद कुठंय? वरती गेला!
वरती कोण? साहेब!
साहेब कुठंत? मीटिंगला!

असं ते गोल गोल फिरे. संपत नसे, थांबवावं लागे.

सराव आम्ही मसाल्याच्या एका गिरणीत करत असू. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मालक जागा देई, कारण एरवीही तिथे इतकाच आवाज असे. हवेत मिरची असायची. मेल्विनचे डोळे वाहत आणि तो गहिवरल्यासारखा दिसे. तिथेच आम्ही एक कॅसेट भरली. तिच्यात शेठच्या सात आणि माझ्या चार शिंका आहेत. त्याच मासिकाने पुढे त्या शिंकांचं 'शरीराचा निर्भीड उद्रेक' असं कौतुक केलं. शेठने ते कात्रण मला नीट वाचून दाखवायला लावलं, आणि म्हणाला, "उद्रेक न्हाई हो, संकेश्वरी मिरची हाये."

एकदा दुपारच्या कार्यक्रमात श्रोत्यांतल्या कुणीतरी नापसंती म्हणून डाळवडा फेकला. शेठने गाता गाता तो झेलला, नाकाशी नेला, आणि गाणं थांबवून माइकवर विचारलं, "लसूण हाये का रं यात?" मागून कुणीतरी "आहे" म्हणालं. "मंग कामाचा न्हाई," असं म्हणून त्याने तो माझ्याकडे दिला. त्या दिवशी पुन्हा काही फेकलं गेलं नाही. वडा बरा होता.

हे सगळं तीन वर्षांच्या मुदतीवर चाललं होतं. वडिलांनी त्याला मुंबईला पाठवताना तेवढी मुदत दिली होती. ती संपली त्या हिवाळ्यात मी शेठबरोबर घोडेगावला गेलो. मोठे शेठ गादीवर बसून गूळ जोखत होते. किरकोळ अंगाचे, पांढरीशुभ्र टोपी. त्यांनी मला पाणी दिलं, तेही उकळलेलं.

"तुमी कुठले, पाव्हणं?"

"जुन्नरचा."

"म्हंजे घरचेच. मंग तुमीच सांगा, ह्यो गातो त्याला गाणं म्हंत्यात का?"

मी म्हणालो, "मुंबईत लोक टाळ्या वाजवतात."

"मुंबईत माकडाच्या खेळालाबी वाजिवत्यात," मोठे शेठ म्हणाले. मग मुलाकडे न बघता, काट्याकडे बघत त्यांनी अट सांगितली. "आपल्या माणसांपुढं म्हण. गाव बसलं, तर मी परत दुकानाचं नाव काढणार न्हाई. गाव उठलं, तर तू हितं गादीवर. कसं?"

"चाललं," शेठ म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र तो सरळ स्टँडकडे चालत सुटला. स्टँडवर उसाचा रस पिताना म्हणाला, "गादीवर बसायला माझं काय जात न्हाई. पण त्या गादीवरून आयुष्यभर शाली मोजाव्या लागतील, राव."

चैत्रात घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावची यात्रा होती. तिकडे यात्रेत रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तमाशाची हजेरी, म्हणजे दिवसाउजेडी पुन्हा थोडा खेळ, अशी रीत आहे. त्या वर्षी हजेरीच्या जागी काहीतरी नवं आणावं असं यात्रा कमिटीच्या मनात आलं. कमिटीवाले नारळ घ्यायला मोठ्या शेठच्या दुकानात आले आणि आम्हाला ठरवून गेले. त्यांच्या लेखी मुंबईहून गिटार घेऊन येतो तो ऑर्केस्ट्रा. हँडबिलावर छापलं होतं: 'मुंबईचा सुप्रसिद्ध बहारदार ऑर्केस्ट्रा'. मुद्रितं तपासण्याची सवय असल्याने मी शेठला म्हणालो, "यात चारपैकी फक्त 'मुंबईचा' बरोबर आहे." तो म्हणाला, "तेबी अर्धंच. आपण दोघं कुठं मुंबईचे?"

सकाळी नऊला आम्ही स्टेजवर सामान लावलं. गावात दिवसाचं भारनियमन होतं, म्हणून जनरेटर होता. तो गावातल्याच बबनरावांचा. स्पीकरही त्यांचेच. मांडव गच्च भरला होता. बायका एका बाजूला, मागे झाडांवर पोरं, आणि पुढे खुर्च्यांची एक रांग, जिथे मोठे शेठ बसले होते. त्यांच्या शेजारी तालुक्याहून आलेले एक साहेब. कुठल्या खात्याचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग सत्कार सुरू झाले.

सूत्रसंचालन करायला शाळेचे गुरुजी होते. त्यांच्याकडे यादी होती आणि प्रत्येक नावाआधी म्हणायला दोन ओळी होत्या. साहेब झाले, सरपंच झाले, माजी सरपंच झाले, त्याच्या आधीचे माजी सरपंच झाले. सोसायटी झाली, दूध डेअरी झाली. दुपारच्या कुस्त्यांचे पंच झाले. मोठ्या शेठचाही झाला, त्यांनीच विकलेल्या नारळाने. दीड तास गेला. ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरलं. माझ्या ड्रमची कातडी तापून सूर चढले. मेल्विन म्हणाला, "इधर गाना कौन सुनने आया है?" शेठ गिटार गळ्यात अडकवून उभा होता आणि त्याच्या मानेची शीर दिसायला लागली होती.

गुरुजी पुढच्या नावाच्या दोन ओळी आठवत थांबले तेवढ्यात शेठने माइक ओढला.

"बास आता. राहिलेल्यांचा सत्कार झाला आसं समजा. एक, दोन, तीन, चार!"

आणि आम्ही सुरू केलं. पहिले तीन सूर समोरच्या डोंगरावर आदळून परत आले. बायकांनी कानांवर पदर घेतले. "साहेब कुठंत?" शेठने विचारलं, आणि सगळं बंद पडलं.

मला आधी कळलंच नाही. ड्रमला वीज लागत नाही, मी वाजवत राहिलो. मग पाहिलं तर शेठ ओठ हलवतोय आणि आवाज नाही, मेल्विन तारा छेडतोय आणि आवाज नाही. जनरेटरची धडधड थांबली होती. त्याच्याशेजारी बबनराव उभे होते. गुळगुळीत दाढी, कडक टोपी, चैत्राच्या उन्हात लोकरी कोट. सकाळपासून ते तयार होऊन उभे होते. यादीत राहिलेलं नाव त्यांचं होतं.

"झाला म्हणं सत्कार!" ते कुणालाच न उद्देशून म्हणाले. "कुठं झाला? मला तर दिसला न्हाई."

गुरुजी धावले. "बबनराव, आवं तुमचंच नाव घेत व्हतो..."

"घेत व्हता का? घ्या मंग. अंधारात घ्या."

भर उन्हात हे वाक्य ऐकून कुणी हसलं नाही. गुरुजींनी पिशवीत हात घातला. नारळ संपले होते. शाल एकही उरली नव्हती. यादीपेक्षा दोन माजी सरपंच जास्त निघाले होते.

शेठ माइकशिवाय ओरडून गायला लागला. पुढच्या चार रांगांना ऐकू येत होतं, मागच्यांना माझे ड्रम तेवढे. मागे चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी धोतर झटकलं. "चला, कुस्त्यांचं बघू," असं एक जण म्हणाला. शेठचा आवाज फाटला होता, आणि तो गावाकडे पाहत नव्हता, खुर्च्यांच्या रांगेकडे पाहत होता.

तेवढ्यात एक माणूस उठला. सगळ्या गावात सगळ्यात आधी उठला. मोठे शेठ.

माझ्या हातातली काठी थांबली. मी मनात आमच्या शेठला गादीवर बसवूनही टाकलं.

मोठे शेठ घराकडे गेले नाहीत. स्टेजच्या कडेला आले. त्यांच्या हातात त्यांना मिळालेला नारळ होता आणि खांद्यावर शाल.

"बबनरावचं राहिलंय," ते म्हणाले.

"मी सत्कार करत न्हाई. तुमाला ठावं हाये," शेठ म्हणाला.

"तू नको करू. मी करतो. तू नाव तर घेशील? तेवढ्या लांब ऐकू जाईल आसा गळा हितं आनि कुणाचा हाये?"

शेठने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा त्या नारळाकडे. बहुतेक शेंडीखाली फुली आहे का ते बघत असावा. मग त्याने छाती भरून घेतली.

"बबनराव!" तो ओरडला. मिरचीच्या गिरणीत घडलेला तो आवाज पार झाडांवरच्या पोरांपर्यंत गेला. "जनरेटरचे मालक! ज्यांच्याबिगर आमी मुके! त्यांचा सत्कार!"

मी जोरात ड्रम वाजवले. बारशापासून लग्नापर्यंत कुणाच्याही नावापुढे इतका आवाज झाला नसेल. मोठ्या शेठनी त्या लोकरी कोटावर आपली शाल घातली, नारळ हातात दिला. लोक टाळ्या वाजवायला लागले. उठलेले खाली बसले, कारण यात्रेत रुसवा निघाल्याशिवाय कुणी जात नाही. "दोन शब्द! दोन शब्द!" असा गलका झाला. शेठने डोळे मिटून घेतले.

बबनराव खाकरले.

"चालू द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी हँडल मारलं.

दोन शब्द बोला म्हटल्यावर दोनच शब्द बोलणारा वक्ता मी त्यानंतर पाहिलेला नाही.

पुढचं सांगायची गरज नाही, पण सांगतो. "साहेब कुठंत?" शेठने विचारलं. यावेळी आम्ही उत्तर देण्याआधीच मागून एक म्हातारा ओरडला, "मीटिंगला!" त्याला सवयच असणार. दुसऱ्या फेरीला अर्धा मांडव. तिसऱ्या फेरीला बायकाही. "सही कधी?" "सोमवारी!" मुंबईतल्या सत्तर माणसांना जे गाणं तीन वर्षांत पाठ झालं नव्हतं, ते या गावाला आधीपासून येत होतं. कुणा टपोरी पोराने "साहेब कुठंत?" ला पुढच्या रांगेकडे बोट दाखवून "हितं!" म्हटलं, आणि हशा झाला. साहेब स्वतःही हसले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, सरपंचांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते उठून जीपकडे गेले. मी सरपंचांना नंतर विचारलं, ते कुठे गेले. मीटिंग होती.

गाणं पाच वेळा म्हणावं लागलं. शेवटी कुस्त्यांच्या आखाड्यातून हलगी ऐकू आली तेव्हाच गाव हललं.

घोडेगावला परत जाताना आम्ही चौघे एका टेम्पोत मागे, सामानाबरोबर बसलो होतो. मोठे शेठ माझ्या ड्रमवर हात ठेवून बसले होते. मग शेठच म्हणाला, कारण बापाशी खोटं खेळायची त्याची पद्धत नव्हती, "बाबा, अट मोडली की. उठलं ना."

"कोण उठलं?"

"तुमी. सगळ्यात आधी."

"मी त्या गावचा कुठं? मी घोडेगावचा," मोठे शेठ म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर, रस्त्याकडे बघत, हसू दाबत म्हणाले, "आन् घोडेगावचे म्हंत्यात, तुमी राजस्थानचे. चार पिढ्या झाल्या. आज पयल्यांदा त्याचा उपेग झाला."

त्यानंतर आम्ही आठेक वर्षं वाजवलं. मग मेल्विन दुबईला बँकेत गेला, गिरणीच्या जागी इमारत आली आणि मोठे शेठ थकले. तेव्हा शेठ कुणी न सांगता परत आला आणि गादीवर बसला. मी जुन्नरला जाता येता तिथे डोकावतो. दुकानात सगळं मिळतं, शाल मिळत नाही. नारळ मात्र तो ठेवतो. गेल्या खेपेला कुठल्याशा गावचे कमिटीवाले आले होते.

"ईस नारळ द्या, शेठ. सत्काराचे."

शेठने एकेक हलवून, कानाशी नेऊन वीस मोजले, आणि पोत्यात एकविसावा टाकला.

"यो कुणाचा?" कमिटीवाला म्हणाला. "यादी ईसचीच हाये."

शेठने पेन कानावर ठेवलं.

"जनरेटर कुणाचा हाये तुमचा?"